गाडीनं राजूर घाटात हवा धरली

लोणारला जाऊन आल्यापासून आमच्या भिशीतल्या सगळ्या जणी एकच विचारतात, सरोवर कसं आहे. सरोवर छान आहे, जाऊन पाहा. पण माझ्या प्रवासात सरोवर नंतर येतं, त्याच्या आधी रेडिएटर येतो. आणि रेडिएटरच्याही आधी माझी धाकटी जाऊ शालू. मी चौथीपर्यंत शिकलेली, पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवर झालं, त्यामुळे जशी बोलते तशीच लिहिते. मधेच इकडची तिकडची झाले तर समजून घ्या.

मलकापूर

आमच्या दारात एक जुनी पांढरी गाडी आहे. आमचे हे चालवायचे आणि मी शेजारी खिडकीत बसायचे. यांना तहान लागली की बाटलीचं झाकण उघडून द्यायचं, डुलकी लागेलसं वाटलं की बोलत राहायचं, टोलनाक्यावर काच खाली करायची, एवढं माझं काम. मग डॉक्टरांनी डोळ्यांमुळे यांचं गाडी चालवणं बंद केलं आणि गाडी अंगणात उभी राहिली. तिच्या टपावर मी पापड वाळवायला लागले.

एक दिवस जेवता जेवता हे म्हणाले, "गाडी शालूले देऊन टाकू. उभ्या उभ्या सडून राह्यली. तिले चालवता येते."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली.

शालू मेहकरला राहते. शाळेत शिकवायची, आता निवृत्त झाली. तिला गाडी चालवता येते हे खरंच आहे. पण येते कशी? यांनीच शिकवली. एका दिवाळीत माझे दीर आणि ती आमच्याकडे आले होते, तेव्हा हे रोज सकाळी तिला मैदानावर घेऊन जायचे. आमच्याकडे धाकट्या सुनेनं भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, डोक्यावरून पदर घ्यायचा, समोरासमोर बोलायचं नाही, अशी रीत. शालूनं लग्नात घेतला होता की पदर, चांगला नाकापर्यंत! आणि तीच शालू भासऱ्याला शेजारी बसवून गिअर टाकत होती, मी घरी चकल्या तळत होते.

मलाही शिकवा, असं मी यांना कधी म्हटलं नव्हतं असं नका समजू. म्हटलं होतं, एकदा नाही, कितीदा तरी. "तू घाबरते" म्हणाले. घरात निघालेला साप काठीवर उचलून बाहेर टाकणारी बाई मी, आणि म्हणे मी घाबरते.

शालू गाडी न्यायला बसनं आली. यांनी मला सांगितलं, "तूही जाय तिच्यासंगं. लोणार पाहून घे, येताना बसनं येजो." म्हणजे गाडीची सासरी पाठवणी आणि मी तिच्याबरोबरची करवली. गेले. नाही कशाला म्हणू? आपल्या गाडीत शेवटचं बसायचं तर निदान लोणारपर्यंत तरी बसू.

रोहिणखेड

सकाळी उन्हाच्या आत निघालो. निघण्यापूर्वी शालूनं काय केलं असेल, तर खुर्ची पुढे ओढली आणि आरसा फिरवला. यांच्या बेतानं लावलेली खुर्ची, इतक्या वर्षांत कुणी हलवली नव्हती. तिनं खटकन ओढली आणि मलाच म्हणाली, "ताई, पट्टा लावा."

वाईट चालवली असती तर मनाला जरा बरं वाटलं असतं. पण नाही, चांगली चालवते मेली. मोताळ्याआधी एक म्हैस आडवी आली. हे असते तर म्हशीच्या मालकाचा उद्धार झाला असता. शालूनं गाडी हळू केली, म्हैस जाऊ दिली आणि वर तिला "जाय व बाई" म्हणाली. मी खिडकीबाहेर पाहत बसले.

रोहिणखेडला वाट वाकडी केली ती जुनी मशीद पाहायला. काळ्या दगडाची, मोठ्या कमानींची. बाहेर ऊन भाजत असलं तरी आत पाय ठेवला की तळवे थंड होतात. तिथं करीमचाचा म्हणून एक म्हातारे भेटले. "आओ बाई, आरामसे देख लेव. पयले पानी पी लेव," म्हणाले आणि माठातलं पाणी दिलं. आमच्याकडे पाहुण्याला पाण्याबरोबर गुळाचा खडा देतात. चाचांनी खिशातून शेंगदाणे काढले. तेच खात मागे पाहिलं तर गाडीखाली पाण्याचं थारोळं.

निघायच्या आदल्या दिवशी यांनी गाडीत नवा रबरी पाईप बसवून घेतला होता, त्याची क्लिप सैल राहिली होती. शालूनं बोनेट उघडलं, पेचकस मागितला आणि वाकून क्लिप आवळली. साडीवर एक डाग नाही.

"वा!" चाचा म्हणाले. "ये बाई तो मिस्त्री निकली!"

मी शेंगदाण्याची सालं फुंकत होते, ती जरा जोरातच फुंकली.

"ताई, गाडी थंडी होऊ द्या," शालू म्हणाली. "तवर आपण आतून पाहून घेऊ. मंग पाणी भरू."

आतून पाहून झालं. शालू कमानींचे फोटो काढत राहिली आणि मी बाहेर आले. बोनेट उघडंच होतं. मनात म्हटलं, ही काय एकटी शहाणी? यांना पाणी भरताना मी जन्मभर पाहिलंय. खिडकीतून पाहिलंय, पण पाहिलंय ना! चाचांकडून बादली घेतली, झाकण फिरवलं आणि धबाधबा ओतलं. लगेच तोंडापर्यंत आलं. मला वाटलं, अगदी थोडंच कमी झालेलं होतं की. झाकण लावलं, बोनेट आपटलं, हात पुसले.

शालू आली. "पाणी भरलं? हळूहळू भरलं ना ताई?"

"मले काय शिकवते व?" मी म्हटलं. "गाडी आमची हाये."

ती गाडीत जाऊन बसली. मला आपलं बरं वाटलं.

राजूर घाट

ज्यांनी हा घाट पाहिला नाही त्यांना सांगते. खाली मोताळ्याकडचा तापलेला मुलूख आणि वर बुलढाण्याची हवा, या दोन्हींच्या मधे हा घाट चढतो. उन्हाळ्यात झाडं नुसत्या काड्या होतात, त्यामुळे वळणावरून खालची शेतं दूरपर्यंत उघडी दिसतात. माकडं कठड्यावर अशी बसतात, जशी बस येणार आहे.

दोन-तीन वळणं झाली आणि शालूचं लक्ष समोरच्या काट्यावर गेलं. काटा लाल रेघेकडे सरकत होता. तिनं हात पुढे करून हीटर लावला.

"शालू, येडी झाली का? आगीत हीटर?"

"थांबा ताई." तिनं जाळीसमोर तळहात धरला. "काटा वर चढून राह्यला अन् हवा थंडी येऊन राह्यली. हे बरोबर नाही."

पुढच्या वळणावर रुंद जागा होती, तिथं तिनं गाडी उभी केली, इंजिन बंद केलं. मी उतरून मागच्या चाकांना दगड लावले. तेवढं तरी मला येतं. बोनेटमधून कढईवरची ताटली उचलावी तशी वाफ आली. शालूनं फोन लावला. कुणाला? तर आमच्या यांना. आणि आवाज मोठा करून फोन टपावर ठेवला.

"दादा, काटा लालवर गेला. हीटरची हवा पण थंडी."

"घाबरू नको शालू," हे म्हणाले. काय तो मऊ आवाज! मला भाजीत मीठ जास्त झालं तरी सगळ्या आळीला ऐकू जाईल असा आवाज असतो. "गाडीनं हवा धरली. पाणी एकदम ओतलं की आतली हवा कोंडते, इंजिनात बसून राह्यते. वरून भरलेलं दिसते, आत पाणी फिरतच नाही. पाणी कोणं भरलं?"

शालूनं माझ्याकडे पाहिलं. मी माकडांकडे पाहिलं.

"मी भरलं दादा," शालू म्हणाली.

"असू दे, असू दे. होते असं."

होते असं! माझं नाव घेतलं असतं तर? "हिले कोणं हात लावू देल्ला?" इथून सुरुवात झाली असती. तिनं माझं पाप आपल्या अंगावर घेतलं आणि मला तिचा आणखीच राग आला. आता उपकारही तिचेच.

यांनी मग सगळं समजावलं. गाडीचं तोंड चढाकडे आहे ते चांगलं, हवा वरच चढते. पूर्ण थंडी होऊ द्या, गरम असताना झाकणाला हात लावाल तर तोंड भाजेल. मग झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करायचं. हीटर पूर्ण गरमवर, म्हणजे तिकडच्या नळ्यांमधूनही पाणी फिरतं. एकानं एक्सिलेटर हलकं दाबून धरायचं, दुसऱ्यानं हाताला फडकं गुंडाळून वरचा पाईप दाबायचा, सोडायचा. बुडबुडे येतील, पाणी खाली जाईल, थोडं थोडं भरत राहायचं. बुडबुडे थांबले आणि हीटरची हवा गरम आली की समजा हवा निघाली.

"अन् शालू," शेवटी म्हणाले, "नाही जमलं तर टेम्पो बोलावून गाडी परत पाठव. मंग नको नेऊ. तुले असा डोक्याले ताप काऊन?"

फोन बंद झाला. ते शेवटचं वाक्य मात्र माझ्या कानात राहिलं. नाही जमलं तर गाडी परत.

इंजिन थंड व्हायला वेळ लागला. तोवर आम्ही ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला. दराब्याचे लाडू खाली ठेवले होते, ते एका माकडिणीनं डब्यासकट नेले आणि कठड्यावर बसून आमच्यापेक्षा नीट खाल्ले. सकाळी मी शालूला म्हटलं होतं, लाडू लोणारला गेल्यावर खाऊ. लोणारला म्हणे!

मग शालूनं झाकण उघडलं आणि म्हणाली, "ताई, तुम्ही बसा तिथं. मी सांगते तेव्हा एक्सिलेटर दाबा."

"कुठं?"

"चालवाच्या खुर्चीवर. दुसरं कोण हाये इथं? माकडीण?"

मी बसले. चाक हातात धरलं. तसं धरायची गरज नव्हती, पण धरलं. शालूनं चावी फिरवली आणि ती पुढे गेली. उघड्या बोनेटमुळे ती दिसत नव्हती, नुसता आवाज. "दाबा... थोडं... बस." माझ्या पायाखाली गाडी गुरगुरली. इतकी वर्षं मी तिच्यात बसले, पण ती माझ्या पायाचं ऐकते हे मला माहीतच नव्हतं.

"आले ताई! बुडबुडे आले!" शालू ओरडली. "काय पोट धरून बसली होती हो! हवा पाहा, गरम आली का?"

मी जाळीसमोर हात धरला. थंड. "थंडीच हाये."

तिनं पाणी ओतलं. पाईप दाबला, सोडला. "आता?"

"थंडी."

मग एकदम हवा फिरली. आधी कोमट, मग गरम, आणि मग चुलीसमोर बसल्यासारखी. तोंडावर, मानेवर, पोलक्यात. गाडी बरी झाली होती. पुढे शालूला बुडबुडे दिसत होते, पण गरम हवा फक्त मला कळत होती.

"आता पाहा ताई. आली?"

टेम्पो. गाडी परत. अंगणात.

"थंडीच हाये," मी म्हटलं.

"पाह्यजा बरं नीट."

"थंडी म्हटलं ना!"

शालू बोनेटमागून निघाली आणि खिडकीशी आली. मी चाक धरून बसलेली, कुंकू नाकापर्यंत ओघळलेलं, पोलकं चिंब, पाय मात्र एक्सिलेटरवर पक्का. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती अशी हसली, अशी हसली की कठड्यावरची माकडं उठून गेली.

"थंड्या हवेनं एवढा घाम, ताई?"

मलाही हसू आलं, काय करणार. मग तिनं हात आत घालून हीटर बंद केला आणि हसणं थांबवून विचारलं, "मी गाडी नेऊ नये असं वाटते तुम्हाले?"

"न्या न्या. मले काय करायची? पापड वाळवाले?"

"तसं नका बोलू. खरं सांगा."

"खरं सांगू? यांनी तुले शिकवली, मले नाही शिकवली. अन् तू चांगली चालवते. थोडी तरी वाईट चालवली असती!"

शालू दाराला टेकून उभी राहिली. "मले वाटे तुम्हाले शौकच नाही. खिडकीत राणीवानी बसता."

"राणी! पाण्याची बाटली उघडून देणारी राणी."

तिनं जरा विचार केला. मास्तरीण आहे, विचार करताना अजून ओठ दाबते. मग म्हणाली, "मंग मी शिकवते तुम्हाले. मेहकरले राहा. गाडी घेऊन डोणगावच्या बाजाराले जाऊन वापस या, मी बाजूले नुसती बसीन, हात लावणार नाही. आल्या तर गाडी तुमची. नाही आल्या तर माझी, अन् मंग तोंड फुगवाचं नाही."

"मंजूर," मी म्हटलं. आता उतरायला हवं होतं, पण ती उतरा म्हणाली तेव्हाच उतरले. मनातून नाही.

झाकण लावलं, बुलढाण्यापर्यंत काटा मधल्या रेघेवर गप्प बसून राहिला.

लोणार

सरोवर. कड्यावर उभं राहिलं की खाली एवढा मोठा वाडगा दिसतो, काठाला झाडी आणि मधे हिरवट पाणी. वारा खालून वर येतो आणि त्याला वास येतो. गोमुखाची धार उन्हाळ्यातही चालू असते. तिथं तोंड धुतलं आणि घाटातली वाफ एकदाची अंगावरून गेली. खाली उतरताना माझे गुडघे कुरकुरले. शालू पुढे टणाटण गेली, पदर खोचून, आणि तळापासून मला हात करत राहिली. गुडघेसुद्धा तिलाच चांगले दिले देवानं.

परत येताना सुलतानपूरला तिच्या माहेरी जेवायला थांबलो. तिच्या वहिनीनं येसराची आमटी केली होती. आमच्या मलकापुरात असं येसर घालत नाहीत. मसाल्याला भाजलेल्या धान्याचा एक खमंगपणा असतो, भाकरी नुसती बुडवत राहावी. मी दोनदा मागून घेतली. पण त्या घरी आल्या गेल्याला एकच सांगणं, "आमची शालू गाडी घेऊन आली, घाट चढून!" कुणी मला विचारलं नाही की एक्सिलेटर कुणी दाबलं होतं. तिसऱ्यांदा आमटी मी मागितली नाही.

मेहकर आणि डोणगाव

मेहकरात माझा मुक्काम लांबला. शिकाऊ परवाना काढला. मैदानावर शालू शिकवायची आणि मी तिला मनात शिव्या द्यायचे, कारण ती एका दमात गाडी मागे घेते आणि माझी तिरपी जाते. यांचे फोन येत. "कधी येते?" "येईन." "खिचडी खाऊन कंटाळा आला." "मुगाच्या ऐवजी तुरीची टाका." मी कशाला थांबलेय ते आम्ही दोघींनी सांगितलं नाही.

डोणगावच्या बाजाराचा दिवस आला. रस्त्यावर ट्रॅक्टर, मोटारसायकलवर शेळी घेऊन जाणारे, भोंगा वाजवणारी आइस्क्रीमची गाडी. गावात शिरताना तर भरचौकात गाडी बंद पडली. मागून एक ट्रॅक्टरवाला ओरडला, "ओ आजी, घरी आजोबा नाही का चालवाले?"

"आजोबा खिचडी करून राह्यले!" मी ओरडून सांगितलं आणि गाडी चालू केली. शालू शब्दाला जागली. हात लावला नाही, पण पाय मात्र तिच्या बाजूला ब्रेक असल्यासारखा दाबत होती. ते पाहून माझं काळीज गार झालं. बाजारात दोडके घेतले, हिरव्या मिरच्या घेतल्या, आणि गाडी वळवून, होय, तिरपीच वळवून, मेहकरची वाट धरली.

मेहकरच्या बसस्टँडसमोरून जाताना शालू म्हणाली, "ताई, ते दादा ना हो?"

हेच होते. पिशवी घेऊन उन्हात उभे, दाढी वाढलेली. खिचडीला कंटाळून आपणच निघून आले होते, न सांगता. मी गाडी बाजूला घेतली. यांना गाडी लगेच ओळखू आली. काचेवर ऊन पडलेलं होतं, आतलं काही दिसत नसणार. हे सरळ माझ्या बाजूला आले, टपावर हात ठेवून वाकले आणि त्याच मऊ आवाजात म्हणाले, "शालू, बरी चालून राह्यली ना गाडी? हिले कुठं ठेवलं?"

शालूनं तोंडात पदर कोंबला. मी काच पूर्ण खाली केली. यांनी माझ्याकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं, मग पलीकडे शालूकडे पाहिलं. मग पिशवी उचलून शालूच्या बाजूच्या दाराकडे निघाले.

"तिकडे नाही," मी म्हटलं. "शिकाऊ माणसाशेजारी परवानेवालीच लागते, कायदा हाये. तुम्ही मागे बसा. उद्या गाडी मलकापूरले न्याची हाये."